आधी कुठल्या बेडकडे?

पावसाळ्यातला, जिल्हा रुग्णालयाचा मेडिसिन वॉर्ड. खाटा तीस, पेशंट चाळीसच्या पुढे. ज्यांना खाट मिळाली नाही ते दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून झोपलेले. रात्रपाळी आठ ते आठ. त्या बारा तासांसाठी दोन सिस्टर, एक मावशी आणि तीन वॉर्डांत मिळून एक मामा. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक. या वॉर्डात तो आकडा वीसच्या वर जातो, आणि म्हणूनच आधी कुणाकडे जायचं हा प्रश्न इथे दर पंधरा मिनिटांनी नव्याने उभा राहतो.

सव्वाआठला एकदम पाच-सहा हाका येतात. दोन नंबरची सलाईन संपलीय. सतरा नंबरचा तरुण मूतखड्याच्या कळांनी ओरडतोय. नऊ नंबरच्या आजोबांचा जुना दमा बळावला होता. त्यांचा मुलगा सांगतो, बाबा आत्ताच शांत झोपलेत, वाफ नंतर दिली तरी चालेल. चार नंबरच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा डेंग्यूचा ताप सकाळी उतरलाय, आईला घरी कधी सोडणार ते हवंय. बारा नंबरचा शेतकरी, फवारणीचं औषध पोटात गेलेला, आज तिसऱ्या दिवशी उठून बसून चहा प्यायलाय. एकवीस नंबरच्या आजींबद्दल कुणी काहीच बोलत नाही. ही माणसं कुणी ठरावीक नाहीत. ऑगस्टमधल्या कुठल्याही रात्री, कुठल्याही जिल्ह्यात हे सहा जण याच क्रमाने भेटू शकतात.

बाहेरून पाहणाऱ्याला सतरा नंबर सगळ्यात आजारी वाटणार. पण दोघींपैकी एक सिस्टर नऊकडे जाते आणि दुसरी एकवीसकडे. दोन गप्प पेशंट. ओरडणाऱ्याच्या नातेवाइकांचा पारा चढतो: आमचा माणूस इथे तडफडतोय आणि या तिकडे झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवतायत! तो राग रास्त आहे, कारण हा क्रम कसा ठरतो हे त्यांना कुणी कधी समजावून सांगितलेलंच नसतं.

सुरुवात ओव्हरपासून होते. जाणारी सिस्टर येणारीला पेशंट सोपवते, त्याला वॉर्डात ओव्हर म्हणतात. तो टेबलाशी बसून वहीतून वाचला तर अर्धा वाया जातो. एकेका खाटेशी उभं राहूनच घ्यायला हवा. निदान केसपेपरवर लिहिलेलं असतंच. विचारायचं ते हे, की गेल्या सहा तासांत काय बदललं? लघवी कधी झाली? कुठला रिपोर्ट यायचाय? रक्ताची बाटली येणार होती ती आली का? आणि हे विचारत असताना डोळे पेशंटवर हवेत. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून दहा सेकंदांत बरंच दिसतं. माणूस आडवा झोपू शकतोय की उशा लावून बसलाय, बोलताना वाक्य पुरं होतंय की तीन शब्दांवर श्वास तुटतोय, गळ्याच्या बाजूचे स्नायू श्वासागणिक ताठतायत का, कपाळावर घाम आहे का, युरोबॅगमध्ये, म्हणजे खाटेला लावलेल्या पिशवीत, किती आणि कुठल्या रंगाची लघवी आहे. ऑक्सिजनचा मास्क तोंडावर आहे, पण किती ऑक्सिजन जातोय ते दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधली गोळी वर आहे का? मास्क लावलेला आणि सिलिंडर रिकामा, हे होतं, आणि ते नेमकं पाळी बदलताना होतं, कारण जाणारीला वाटतं येणारी बघेल.

मग हात लावायचा. पेशंटचा तळवा हातात घेतला की एकाच स्पर्शात तीन गोष्टी कळतात: गार आहे का, ओला आहे का, आणि त्याने हात दाबून प्रतिसाद दिला का. बोट हृदयाच्या उंचीला धरून त्याचं टोक पाच सेकंद दाबायचं आणि सोडायचं. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

यानंतर येतो तो आकडा, ज्याच्याइतकी हेळसांड वॉर्डात दुसऱ्या कुठल्याच आकड्याची होत नाही: श्वास. कुठल्याही रुग्णालयाचे टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचे तक्ते, काढून बघा. ताप आणि नाडी पेशंटागणिक वेगळी, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत अठरा, वीस, अठरा, वीस. बीपीला यंत्र आहे, ऑक्सिजनला बोटाला लावायची चिमटी आहे, श्वास मात्र घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो आणि चाळीस पेशंट असताना ते मिनिट मिळत नाही. पण शरीर बिघडायला लागलं की बहुतेक वेळा आधी श्वास बदलतो. रक्तात आम्ल वाढलं, ऑक्सिजन कमी पडला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला, आतून रक्त गेलं, तर शरीर सगळ्यात आधी श्वास वाढवून तोल सांभाळू पाहतं. बीपी पडतं ते शेवटी, सांभाळण्याचे सगळे उपाय थकल्यावर. बीपी पडायची वाट बघणं म्हणजे चार-सहा तास हातचे घालवणं.

मोजायची पद्धतही महत्त्वाची. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की तो नकळत श्वास बदलतो. म्हणून मनगट नाडीसाठी धरलेलं तसंच ठेवायचं आणि नजर छातीवर, पोटावर न्यायची. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर नियमित श्वासाला चालतं. अनियमित असेल तर पूर्ण मिनिटच.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. न्यूज-टू असं तिचं नाव. श्वास, ऑक्सिजनचं प्रमाण, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे की नाही, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, यांना शून्य ते तीन गुण द्यायचे. श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २१ ते २४ ला दोन, २५ आणि पुढे तीन. बेरीज पाच झाली की डॉक्टरला तातडीने बोलवायचं आणि तासाला तपासायचं, सात झाली की सतत लक्ष. एकाच गोष्टीत तीन गुण आले तरी दुर्लक्ष करायचं नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना ही पद्धत लावायची नाही, त्यांची शरीरं वेगळ्या रीतीने तग धरतात.

आता एकवीस नंबरच्या आजी. पुरते साठ सेकंद मोजल्यावर श्वास २६. नाडी ११२, बीपी वरचं ९८, ऑक्सिजन साध्या हवेवर ९४, अंग ३५.६ अंश सेल्सिअस. ताप नाही म्हणून दिवसभर त्या ‘ठीक’ होत्या. पण म्हाताऱ्या शरीराला जंतुसंसर्गात कधीकधी ताप आणायचीही ताकद उरत नाही, आणि उतरलेलं तापमान चढलेल्यापेक्षा वाईट असू शकतं. शेजारी बसलेल्या सुनेला विचारलं, की आजी नेहमी अशाच असतात का, तर ती सांगते, ‘नाही हो, संध्याकाळपासून मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारतायत.’ नव्याने आलेला हा गोंधळ, यालाच तीन गुण. बेरीज बारा. कुणी ओरडलं नाही, घंटा वाजली नाही, आणि वॉर्डातली सगळ्यात तातडीची पेशंट ही. इथे रक्ताचं कल्चर (जंतू ओळखायची तपासणी) घेऊन पहिलं अँटिबायोटिक तासाच्या आत जायला हवं. दहा वाजताच्या इंजेक्शन राउंडला सगळ्यांबरोबर देऊ, असं चालत नाही.

सुनेचं ते एक वाक्य कुठल्याही यंत्रातून मिळालं नसतं. पेशंटचं नेहमीचं रूप घरच्यांना माहीत असतं. सिस्टरला तो माणूस आजारी अवस्थेतच प्रथम भेटलेला असतो. इंग्लंडमध्ये २०२४ पासून ‘मार्थाज् रूल’ या नावाने नातेवाइकांना थेट वेगळ्या तज्ज्ञ पथकाकडून तपासणी मागायची सोय टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. आपल्याकडे तशी सोय नसली तरी नातेवाइकाला एक प्रश्न विचारायला काहीच खर्च येत नाही: ‘आज काही वेगळं वाटतंय का?’

नऊ नंबरच्या आजोबांकडे दुसरी सिस्टर गेली ती ‘शांत झोपलेत’ हे ऐकून. दुपारपर्यंत धापेने बसून राहिलेला माणूस आपोआप शांत झोपत नाही. एक तर औषधाने आराम पडलाय, नाहीतर तो थकलाय आणि कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येतेय. फरक हाक मारल्यावर कळतो. खांदा हलवल्यावर डोळे उघडून नीट बोलले तर बरं. ‘हं’ म्हणून पुन्हा घोरायला लागले तर धोका. फ्लोमीटर बघावा तर सहा लिटरवर. मुलाने मायेपोटी नॉब फिरवलेला असतो, जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त आराम असं समजून. चिमटीवर ९९ दिसतंय म्हणून तो निश्चिंतही असतो. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायची भीती आहे अशा जुन्या सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, पेशंटला ८८ ते ९२ एवढंच प्रमाण राखायचं असतं. ऑक्सिजन एकदम काढायचा मात्र नाही, त्याने प्रमाण धाडकन खाली जातं. टप्प्याटप्प्याने कमी करत ९२ च्या आसपास आणायचं, आजोबांना उठवून टेकून बसवायचं, डॉक्टरला बोलवायचं, रक्तातले वायू तपासायला पाठवायचे. आणि मुलाला समजावून सांगायचं, रागवायचं नाही. नॉबवर एक चिकटपट्टी लावून आकडा लिहून ठेवला तर रात्रभर उपयोग होतो.

चार नंबरबद्दल जरा जास्त लिहायला हवं. डेंग्यूने महाराष्ट्रातल्या घराघरात ‘पेशी’ (प्लेटलेट्स) हा शब्द नेला. पेशी किती झाल्या, कालच्यापेक्षा वाढल्या का, पपईच्या पानाचा रस दिला तर चालेल का, सगळा जीव त्या आकड्यात अडकलेला. पण डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून गेल्याने. हे झिरपणं सुरू होतं ताप उतरायच्या सुमारास, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालतं. म्हणजे घरचे जेव्हा सुटकेचा श्वास टाकतात नेमका तेव्हाच काळजीचा काळ सुरू झालेला असतो.

त्या मुलाचं बीपी १०४/८८. ओव्हरमध्ये सांगितलं गेलं, ‘बीपी शंभरच्या वर आहे.’ नाडी १०८, श्वास २०, ताप नाही, शुद्ध उत्तम. न्यूज-टूची बेरीज फक्त दोन. गुणांवर विसंबलं तर सकाळपर्यंत त्याच्याकडे जायची घाई नाही. पण ती पद्धत खालचं बीपी विचारातच घेत नाही. वरचं आणि खालचं यांतलं अंतर इथे १६ आहे, आणि डेंग्यूत ते २० किंवा त्याहून कमी झालं की त्याला शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडणं, म्हणायचं. रक्तवाहिन्या आवळून शरीराने वरचा आकडा कसाबसा धरून ठेवलाय. पाय हातात घ्या, गार लागतील. पोटात दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, मूल चिडचिड करतंय किंवा सुस्तावलंय का, शेवटची लघवी कधी, हे प्रश्न पेशींच्या आकड्याआधी विचारायचे. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिली लघवी व्हायला हवी. दुपारी दोननंतर झालीच नसेल तर ते मोठ्याने सांगण्यासारखं चिन्ह आहे.

डॉक्टरांची ऑर्डर आली, की तासाभरात ५०० मिली सलाईन. साध्या सेटला वीस थेंबांचा एक मिली, म्हणजे मिनिटाला १६७ थेंब. ते मोजता येत नाहीत. म्हणून बाटलीवर उभी चिकटपट्टी लावायची आणि पाण्याच्या पातळीशी पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेळा लिहायच्या. मावशीलाही लांबून कळतं मागे पडलंय की पुढे गेलंय. आणि ही ऑर्डर संपली की ती बाटली तशीच वेगाने चालू ठेवायची नाही. पुन्हा बीपी, पुन्हा पाय, पुन्हा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालंय ते. दोन दिवसांनी झिरपलेलं पाणी रक्तात परत येतं. तेव्हाही सलाईन जोरात चालू राहिली तर छातीत पाणी होऊन धाप लागते. डेंग्यूत सलाईन कमी करायची वेळ ओळखणं हे वाढवण्याइतकंच कसबाचं काम आहे. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन इथे चालत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

डॉक्टरला फोन करतानाही क्रम लागतो. ‘सर, चार नंबरला बघून जा, बरा वाटत नाही,’ एवढ्यावर कॅज्युअल्टीत अडकलेला डॉक्टर येणार नाही. ‘मेडिसिन वॉर्डातून बोलतेय. बेड चार, एकोणीस वर्षं, डेंग्यू, पाचवा दिवस, ताप सकाळी उतरला. आता बीपी १०४/८८, नाडी १०८, पाय गार, दोननंतर लघवी नाही, पोट दुखतंय. मला हा शॉक वाटतोय. सलाईनची ऑर्डर हवी आणि तुम्ही आत्ता यायला हवं.’ वीस सेकंद लागतात. कोण, पार्श्वभूमी काय, आत्ता काय दिसतंय, आणि मला काय हवंय. ही घडण अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयात आली. तिचा शेवटचा भाग आपल्याकडे बऱ्याचदा गिळला जातो. ‘मला वाटतंय’ आणि ‘मला हवंय’ म्हणायला सिस्टरला संकोच वाटतो, निदान करणं आपलं काम नाही असं मनावर ठसलेलं असतं. तो संकोच सोडायला हवा. फोनची वेळ केसपेपरवर मिनिटासह लिहायची, पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर पुन्हा, आणि मग वरच्या डॉक्टरला.

बारा नंबर. विदर्भ-मराठवाड्यात हा पेशंट पावसाळ्यात हमखास असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा बाहेरच्या जगाला हे कळलं. तिथल्या वॉर्डांना ते आधीपासून ठाऊक होतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध अंगात गेलं की बुबुळांची भोकं टाचणीच्या टोकाएवढी होतात, तोंडाला लाळ, छातीत घरघर, घाम, मंद नाडी. त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, चालू असताना सिस्टरने दर वेळी पाच गोष्टी बघायच्या: छाती कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर आहे का, वरचं बीपी ८० च्या वर आहे का, काखा कोरड्या आहेत का, बुबुळं उघडली का. यांत छाती सगळ्यात महत्त्वाची. बुबुळांवरून ठरवायला गेलं तर फसगत होते, ती उशिरा बदलतात. ॲट्रोपिन जास्त झालं तर ताप चढतो, पेशंट बरळतो, हवेत काहीतरी वेचायला लागतो, पोटाचे आवाज बंद होतात, लघवी अडकते. मग त्याला बांधून ठेवण्याआधी ड्रिपचा वेग बघायचा.

पण आज तिसरा दिवस आहे, आणि तो चहा प्यायलाय. बायको देवाला हात जोडतेय. विष घेतल्यापासून चोवीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान, पहिली लक्षणं ओसरल्यावर, काही पेशंटचे मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडत जातात. पहिली खूण एकच आणि अगदी साधी. उशीवरून डोकं उचलायला सांगायचं: ‘दादा, मान उचला आणि मी पाच म्हणेपर्यंत धरून ठेवा.’ संध्याकाळी धरता आली, दहाला थरथरली, बाराला उचलताच आली नाही, तर पुढच्या काही तासांत श्वास बंद पडू शकतो. ऑक्सिजनची चिमटी हे सांगत नाही, मास्क चालू असेल तर मुळीच नाही. घोट गिळताना ठसका लागतोय का, खोकला पिचका झालाय का, आवाज नाकातून येतोय का, हे दर तासाला बघायचं. इथे ॲट्रोपिन वाढवून उपयोग नसतो, व्हेंटिलेटरची सोय आधी करून ठेवावी लागते. ज्या जिल्ह्यात ती नाही तिथून रवानगीचा निर्णय मान थरथरली तेव्हाच व्हायला हवा. ॲम्ब्युलन्समध्ये श्वास थांबला तर हाताने दाबून श्वास द्यायची ॲम्ब्यू बॅग, एवढंच हातात असतं.

या माणसाची आणखी एक काळजी आहे, ती चार्टवर कुठेच लिहिली जात नाही. औषध चुकून पोटात गेलं की त्याने आपल्या हाताने घेतलं? घेतलं असेल तर शुद्धीवर आल्यावर तो कुठल्या मनाने शुद्धीवर आलाय? एकटा सोडायचा नाही, खिडकीजवळची खाट द्यायची नाही, आणि पोलिसांचा जबाब, नातेवाइकांचे प्रश्न सुरू व्हायच्या आधी कुणीतरी त्याच्याशी दोन मिनिटं माणसासारखं बोलायला हवं. श्वास आणि नाडी सांभाळल्यावर लगेच याचा नंबर लागतो, सकाळी मानसोपचारतज्ज्ञ येईपर्यंत थांबून भागत नाही.

सतरा नंबरला विसरलेलं नाही. वेदना खरी आहे आणि मूतखड्याची कळ फार वाईट. त्याचं इंजेक्शन भरून द्यायला पाच मिनिटं लागतात, आणि दोघींपैकी जी आधी मोकळी होते ती तेच आधी करते. तोवर त्याच्याजवळून जाताना थांबून ‘दहा मिनिटांत येते, तुमचं इंजेक्शन काढून ठेवलंय’ असं डोळ्यांत बघून सांगायचं, आणि दहा मिनिटांत खरंच यायचं. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली असेल तर मात्र ती मूतखड्याची धरून चालायचं नाही. पोटातली मुख्य रोहिणी फुगून फुटतानाही तसंच दुखतं, म्हणून नाडी-बीपी आधी. दोन नंबरची सलाईन? संपलेल्या बाटलीतली हवा शिरेत जाईल या भीतीने नातेवाईक कासावीस होतात. उंचावर टांगलेल्या साध्या बाटलीत नळीतलं पाणी हाताच्या थोडं वर येऊन थांबतं, हवा सहसा आत ढकलली जात नाही. इंट्राकॅथमध्ये, म्हणजे शिरेतल्या बारीक नळीत, रक्त गोठून ती बंद पडते, एवढंच. रोलर कसा बंद करायचा हे नातेवाइकाला एकदा दाखवलं की रात्रीच्या निम्म्या हाका कमी होतात.

दहा वाजताचा इंजेक्शन राउंडही डोळे मिटून एक ते चाळीस करायचा नसतो. फिटची औषधं, इन्सुलिन, नव्याने सुरू झालेल्या अँटिबायोटिकचा डोस, हे वेळेवर. आम्लपित्ताचं किंवा व्हिटॅमिनचं इंजेक्शन तासभर मागे गेलं तर काही बिघडत नाही. इन्सुलिनच्या आधी ‘जेवलात का?’ हे विचारायचंच. डबा आला असेल असं गृहीत धरायचं नाही, कारण पावसात एसटी अडकते आणि गावाहून येणारा डबा साडेनऊला पोहोचतो. कुठल्याही पेशंटची शुद्ध हरपली, घाम फुटला, तो विचित्र वागायला लागला, तर सगळ्यात आधी ग्लुकोमीटर. शुगर ४० निघाली तर २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. आणि तो शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेणारा, किडनी थकलेला पेशंट असेल तर एकदा शुगर वर आली म्हणून सोडायचं नाही. गोळीचा अंमल उतरेपर्यंत ती रात्रभर पुन्हापुन्हा घसरते, म्हणून दर तासाला बोट टोचावं लागतं.

हा सगळा क्रम साडेआठला लावलेला असतो आणि साडेनऊला तो जुना होतो. म्हणून जे काही केलं त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी परत जाऊन बघणं हे वेगळं काम म्हणून धरायला हवं. कामाच्या रेट्यात हेच गळतं: सलाईन दिली, लिहिलं, पुढे गेलो. दिल्याने काय झालं ते बघायचं राहून जातं. स्थिर पेशंटचे टीपीआर विद्यार्थिनींकडे देता येतात, लघवी मोजून सांगायचं काम मावशी चोख करतात. पण चार, नऊ, बारा आणि एकवीस यांच्याकडे सिस्टरने स्वतः जायचं.

आणि पहाटे साडेतीनला कॅज्युअल्टीतून नवा पेशंट येतो. तिशीतली बाई, घरात जमिनीवर झोपलेली, मध्यरात्री पोटात कळ येऊन उठली, दोनदा उलटी, घसा दुखतोय म्हणते. आम्लपित्त समजून इंजेक्शन देऊन वर पाठवलेलं. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. पण खाटेवर घेताना तिच्या पापण्या जड दिसतात, वर बघायला सांगितलं तर कपाळाला आठ्या घालून बघते. पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी आणि पडलेल्या पापण्या, एवढं जुळलं की मण्यार धरून चालायचं. तिचा दंश इतका बारीक असतो की झोपलेल्या माणसाला कळतही नाही. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी इथे चांगलीच येते, कारण हे विष रक्तावर न जाता नसांवर जातं. म्हणून चाचणी चांगली आली यावर विसंबायचं नाही. एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ते मोजायचं आणि दर अर्ध्या तासाने तेच पुन्हा. पंचवीसवरून पंधरा, पंधरावरून आठ, असं ते उतरत गेलं की श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ जवळ आली. डॉक्टर येईपर्यंत दोन इंट्राकॅथ, सर्पदंशाच्या लशीच्या दहा बाटल्या फ्रीजमधून बाहेर, ॲड्रेनलिन अर्धा मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून नाव लिहून ट्रेमध्ये. लस सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं खाटेशेजारून हलायचं नाही. खाज, गांध्या, खोकला, उलटी, बीपी उतरणं, यांतलं काही दिसलं तर लस थांबवून मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलिन.

तिला ठेवायचं कुठे, हा त्या वेळचा अवघड प्रश्न. सिस्टरच्या टेबलासमोरच्या चार खाटा, जिथून मान वर केली की पेशंट दिसतो आणि डोक्याशी ऑक्सिजनचा पॉइंट आणि सक्शन आहे, त्या रात्री बारा वाजायच्या आधीच भरलेल्या असतात: आजी, आजोबा, फवारणीवाला आणि डेंग्यूचा मुलगा. चौघांचे आकडे पुन्हा घ्यायचे. मुलाच्या बीपीतलं अंतर आता ३६ आहे, पाय गरम आहेत, एकनंतर दोनदा लघवी झालीय, मोजून साडेचारशे मिली. त्याची गादी टेबलापासून दुसऱ्या रांगेत हलवायची, सलाईनचा वेग कमी करून, आईला कारण सांगून, आणि त्याचं पुढचं बीपी साडेचारला घ्यायचं असं चार्टच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहून.